कार्ड टेकवून चढा

सोत्देगोल, १२ ऑक्टोबर

चि. दासोल,

फोन न करता पत्र लिहिते आहे म्हणून घाबरू नकोस. माझे गुडघे सोडले तर सगळं ठीक आहे. गेल्या आठवड्यात तुमच्या युनसानच्या तालुका कचेरीत फोन केला होता. पलीकडचा मुलगा फार मायेनं म्हणाला, "आजी, फोनवरची तक्रार आम्ही धरत नाही. लेखी द्या." मी म्हटलं, बरं. आता लेखीच. तू त्याच कचेरीत बसतेस, तर पहिलं पत्र तुलाच.

कचेरीचं पत्रक आलंय. गुळगुळीत कागद, वर हसऱ्या म्हातारा-म्हातारीचं चित्र. एक जानेवारीपासून आमची बस वर गावात येणार नाही, खाली फाट्यावरूनच परत फिरेल. त्याऐवजी बोलावली की येणारी टॅक्सी. घरटी महिन्याला चार कुपनं. गावघरात आम्ही म्हाताऱ्या दुपारचं एकत्र जेवतो, ते जेवण बंद. शेजारच्या गावी जाऊन जेवा म्हणे. जायचं कशानं ते लिहिलेलं नाही. आणि ज्यांना हे सगळं जड वाटेल त्यांच्यासाठी युनसानमध्ये नवी इमारत, 'निवांत निवास'. एक खोली, लिफ्ट, समोर इस्पितळ. अर्ज करा.

कचेरीचं पत्रक आलं की गावप्रमुखानं ते त्याच संध्याकाळी भोंग्यावरून वाचायचं असा नियम आहे. मी इतकी वर्षं वाचत आले. कोंबड्यांची साथ, कचऱ्याच्या पिशव्या, सर्दीची लस, सगळं. त्या दिवशीही नेहमीसारखं आधी गाणं लावलं, "अ, अ, ऐकू येतंय का" झालं, आणि कागद हातात घेऊन उभी राहिले. मग म्हणाले, "आज कचेरीकडून काही नाही. रात्री गारठा आहे, मुळे झाकून ठेवा." भोंगा बंद केला.

कारण समोरच्या अंगणात मालगुम आजी बसली होती, सुकवायची नारिंगी खाकी फळं सोलत. चौऱ्याऐंशीची बाई. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला इस्पितळात रक्त धुवून घ्यायला जावं लागतं. महिन्याला चार कुपनांत ते कसं बसवायचं, ते तुमच्यातल्या हिशोबी माणसाला विचारून कळव. फाट्यापर्यंतचा चढ तू शाळेत असताना रोज पाहिला आहेस. बस बंद झाली तर तिला हे गाव सोडावं लागेल. दुसरा अर्थ मला तरी निघत नाही.

आणि हे पत्रक लिहिलं कुणी तेही कळव. 'आपल्या सोयीसाठी' हे शब्द त्यात तीनदा आहेत. ज्यानं लिहिलेत त्याला एकदा फाट्यापासून वर चालत आणायचं आहे. आमच्या सोयीसाठी.

तुझी आत्या,
गुक सुनइम


युनसान, १९ ऑक्टोबर

ती. आत्या,

पत्र मिळालं. पाकिटावर 'वाहतूक विभाग, जातीनं द्यावे' असं लाल अक्षरात लिहिलं होतंस, त्यामुळे ते माझ्याआधी चार जणांनी हातात घेऊन पाहिलं. पुढचं घरच्या पत्त्यावर पाठव.

पत्रक आमच्याच विभागातून गेलं. कुणी लिहिलं याला तसा अर्थ नसतो. वरून मुद्दे येतात, खाली कुणीतरी टाइप करतं.

आत्या, रागावू नकोस, पण बस रिकामी धावते. मी वर्षभराचे आकडे पाहिलेत. सोत्देगोलच्या एका फेरीला सरासरी एक माणूससुद्धा नाही. पूर्ण मोठी बस, डिझेल, ड्रायव्हर, आणि आत कुणी नाही. तालुक्यात अशा सात वाड्या आहेत. त्यांचा खर्च वाचला तर खालच्या गावांना संध्याकाळची जादा बस देता येईल. तिथे शाळेची मुलं आहेत. हे आमच्या विभागप्रमुख योम साहेबांचं म्हणणं आहे आणि त्यात मला काही चुकीचं दिसत नाही.

मालगुम आजीचं म्हणशील तर निवांत निवास तिच्यासाठी वाईट नाही. मी खोल्या पाहून आलेय. ऊन येतं, जमीन खालून तापवलेली, गरम राहते, न्हाणीघरात धरायला दांडे आहेत. बर्फ पडल्यावर बस अडकली तर तिनं काय करायचं? तू चिडून विचार करतेस. तिला काय हवंय ते तिला विचारलंस का?

आणि पत्रक वाच. न वाचणं हा नियमभंग धरतात. तू गावप्रमुख आहेस.

खाकी सुकल्या की चार माझ्यासाठी ठेव.

दासोल


सोत्देगोल, २५ ऑक्टोबर

चि. दासोल,

वाचलं. नियमभंग नको म्हणून काल संध्याकाळी भोंग्यावरून अख्खं पत्रक वाचलं. असं:

"अ, अ, ऐकू येतंय का? कचेरीकडून पत्रक आहे. आपल्या सोयीसाठी बस फाट्यापर्यंतच येईल. फाट्यापासून वर आपल्या सोयीसाठी चढ आहे. टॅक्सी हवी असेल तर आदल्या दिवशी पाचच्या आत फोनच्या ॲपवर नोंदवावी. म्हणजे उद्या कुणाला आजारी पडायचं असेल तर त्यांनी आज पाचच्या आत ठरवून टाकावं. ॲप कसं उघडतात ते ज्याला येत असेल त्यानं माझ्याकडे यावं, मलाही येत नाही. पत्रक संपलं. लसूण लावायला उशीर करू नका."

खालच्या आळीतून हसण्याचा आवाज माझ्या ओसरीपर्यंत आला. मग एकदम बंद झाला. हसून झाल्यावर कळलं असेल.

आता तुझा आकडा. एक माणूससुद्धा नाही? पोरी, तीन आणि आठ तारखेच्या बाजाराला त्या बसमध्ये उभं राहायला जागा नसते. परवा तेवीस तारखेला मी स्वतः मागच्या दाराला चिकटून गेले. पुढे मालगुम आजी, ड्रायव्हरच्या पाठीमागच्या तिच्या जागेवर. तिथे दुसरं कुणी बसत नाही, ती इस्पितळात झोपलेली असली तरी बसत नाही. मग तिळाच्या पिशव्या, मिरच्यांची पोती, एक जिवंत कोंबडी. वळणावर पोतं घरंगळलं तेव्हा ड्रायव्हर प्यो ओरडला, "पोत्याचं तिकीट कुणी काढलंय?" तर मागून उत्तर आलं, "तुझ्या बायकोनं!" अख्खी बस हसत होती. ही रिकामी बस.

तू सहावीपासून याच बसनं शाळेत गेलीस. तुझे आईबाप दूर अनसान शहरात कारखान्यात होते आणि सकाळी तुझी वेणी मी घालायचे. उशीर झाला तर तेव्हा बस चालवणारा प्योचा बाप हॉर्न न वाजवता थांबायचा, कारण वाजवला तर तू रडायचीस. तेव्हा ती बस कुणी मोजली नाही.

तुझा आकडा कुठल्या बसचा आहे ते शोध. नाहीतर मी येऊन शोधीन.

मालगुम आजीला विचारलंस का म्हणतेस. विचारलं. ती म्हणाली, "खाकी यंदा गोड निघतील." तिला बोलायचं नसलं की ती फळांबद्दल बोलते.

आत्या


युनसान, २ नोव्हेंबर

ती. आत्या,

शोधला. आकडा दारातल्या मशीनचा आहे. कार्ड टेकवलं की एक आवाज, एक माणूस. सत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट आहे, पण त्यांच्याकडेही कार्ड आहे आणि तेही टेकवायचं असतं. म्हणून तेवीस तारखेची सकाळची फेरी काढून बघितली. तू मागच्या दाराला चिकटून गेलीस ती.

त्या फेरीला कार्ड एकच टेकवलं गेलंय.

मी वेगवेगळे बाजाराचे दिवस काढले. प्रत्येक वेळी एक, कधी तेही नाही. आणि ते एक कार्ड दर वेळी एकाच व्यक्तीचं, पूर्ण तिकिटाचं.

आत्या, एक सरळ सांग. आज्या कार्ड टेकवतात ना?

दुसरं. तुझ्या भोंग्याचं रेकॉर्डिंग कुणीतरी फोनवर फिरवलं. योम साहेबांनी ते विभागात सगळ्यांसमोर लावलं. लसणाचं वाक्य आलं तेव्हा एकजण हसला, त्याला बाहेर पाठवलं. मग मला म्हणाले, "गुक आडनावाची माणसं फार नाहीत आपल्या तालुक्यात." मी म्हटलं, माझी आत्या आहे. ते म्हणाले, "तर मग तिला समजावण्याचं कामही तुमचंच."

समजावते आहे. प्रमुखपदावरून काढू शकतात तुला.

दासोल


सोत्देगोल, १६ नोव्हेंबर

दासोल,

काढू देत. भोंग्याची किल्ली देईन. घसा माझा आहे.

कार्डांचं ऐक. तुझं पत्र मी गावघरात मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "कार्ड कुठे आहेत?"  मग एकजण म्हणाली, "कपाटात. बँकेच्या पुस्तकाबरोबर, रुमालात." दुसरी म्हणाली, "माझंही. हरवलं तर सरकार परत देत नाही." घरोघर हेच. फुकट झालं त्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी कार्ड आणली होती. थरथरत्या बोटांनी पाकिटं उघडत बसल्या, मागे रांग लागली. तेव्हा प्यो म्हणाला, "राहू द्या मावशी, बसा. फुकटच तर आहे, टेकवायचं कशाला?" तेव्हापासून कुणी टेकवलं नाही. तो तोंडं ओळखतो. त्याला वाटलं आपण म्हाताऱ्यांचा त्रास वाचवतोय. आम्हाला वाटलं, किती चांगला मुलगा. सगळ्यांनी मिळून एकमेकांवर माया केली आणि बस बुडवली.

आणि तुझं ते एक कार्ड कुणाचं, माहीत आहे? आम्हा म्हाताऱ्यांना लिहावाचायला शिकवून सकाळच्या बसनं युनसानला परततात त्या अक्षरवर्गाच्या बाईंचं. आकड्यात दिसतात त्या एकट्याच, आणि त्या या गावच्या नाहीत.

प्योचं नाव कुठे आलं तर बघ. तो परवा माझ्या ओसरीवर बसून ढसाढसा रडला. आता गावात कुणी कार्डाशिवाय दाराबाहेर पडत नाही. गळ्यात दोरीनं बांधून देते मी. कामं नसलेल्याही फाट्यापर्यंत जाऊन येतात. बस अशी वाजत चालते की कोंबड्या पळतात.

एवढं हसून लिहिलं, आता दुसरं.

काल गावघरात किमचीचा, म्हणजे हिवाळ्याचं लोणचं घालायचा दिवस होता. कोबी रात्रीपासून मिठात, अंगणात सगळ्या जणी कोपरापर्यंत तिखटात. मी रांजण मोजून देत होते, कुणाला किती. मालगुम आजीपाशी आले तर ती मान वर न करता म्हणाली, "प्रमुखबाई, माझा धरू नका. जानेवारीत मी इथे नसेन." सगळ्यांचे हात थांबले. तिनं निवांत निवासाचा अर्ज केलाय. सप्टेंबरात, सुगीच्या सणाच्या सुट्टीत केलाय. आणि तो भरून दिला कुणी, तर माझ्या भाचीनं. तू माझ्या चुलीपाशी बसून तांदळाच्या करंज्या वळत होतीस, माझ्या हातची रताळी खात होतीस, आणि मधेच उठून समोरच्या अंगणात जाऊन त्या बाईला गावाबाहेर काढायचा कागद भरून आलीस. पत्रक यायच्या आधी! म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं.

खाकी सुकल्या आहेत. तुझ्या चार मी अक्षरवर्गाच्या बाईंना दिल्या. त्या बाई निदान मोजल्या जातात.

उत्तर नको.

सुनइम


सोत्देगोल, १९ नोव्हेंबर

दासोल मुली,

हे माझं पहिलं पत्र आहे. मी बाईंच्या वर्गात शिकले. चुका असतील.

तुझी आत्या तुझ्यावर रागावली आहे. तू रागावू नको. तू सांगितलंस ते सगळं खरं होतं. खोलीत ऊन आहे. लिफ्ट आहे. मी हो म्हटलं ते खोलीसाठी नाही म्हटलं. मला वाटायचं प्यो माझ्यासाठी बस वर आणतो. बर्फात पण आणतो. मी एकटी म्हातारी सगळ्यांवर ओझं आहे. मी गेले तर कुणाला त्रास नाही. म्हणून हो म्हटलं.

आता प्रमुखबाईंनी तुझं पत्र वाचलं. कचेरी म्हणते त्या बसमध्ये मी कधी चढलेच नाही. एवढी वर्षं. मी दोन दिवस विचार केला. जी चढलीच नाही, तिनं उतरायचं कशाला?

माझा अर्ज परत दे. देत नसतील तर मी येऊन घेते. बस आहे अजून.

मालगुम

प्रमुखबाईंना सांगू नको मी पत्र लिहिलं. अक्षर बघून हसतील.


युनसान, २२ नोव्हेंबर

ती. आत्या,

उत्तर नको म्हणालीस तरी लिहिते, कारण हे तुला दुसरं कुणी कळवणार नाही.

अर्ज मी भरला. पत्रकही मी लिहिलं. तिन्ही 'सोयीसाठी' माझे. आजी एकदा नाही, तीनदा हो म्हणाली होती आणि मला ते पुरेसं वाटलं. आता ती नाही म्हणते आहे. कसं कळलं ते विचारू नकोस. अर्ज मागे घ्यायला माणसाला स्वतः कचेरीत यावं लागतं, सहीऐवजी मारायचा आपल्या नावाचा शिक्का घेऊन.

कार्डांची गोष्ट मी योम साहेबांना लेखी दिली. तुझ्याकडून शिकले. त्यांनी वाचून परत दिली. म्हणाले, "मागचे आकडे बदलता येत नाहीत. आणि म्हाताऱ्या आता मुद्दाम वाजवत फिरताहेत, ते तर मुळीच धरता येणार नाही." म्हणजे टेकवलं नाही तेव्हा माणूस नव्हता, टेकवलं तर तो खोटा आहे.

अठ्ठावीस तारखेला दुपारी दोन वाजता कचेरीच्या सभागृहात ग्रामस्थांसाठी माहिती सभा आहे. त्याची सूचना वेबसाइटवर टाकली आहे, गावात पाठवलेली नाही. आकडे सादर करायचं काम माझ्याकडे दिलंय. सभेनंतर निर्णय कायम होईल.

सोत्देगोलला वर जाणारी शेवटची बस युनसानहून दीड वाजता सुटते. बसबद्दलची सभा, आणि बसनं येणाऱ्याला सभा ऐकून घरी जाता येणार नाही. हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. बहुधा कुणाच्या लक्षातच आलं नसेल. पण वेळापत्रक माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर आहे आणि आता मला दुसरं काही दिसत नाही.

दासोल


सोत्देगोल, २५ नोव्हेंबर

दासोल,

अठ्ठावीसचा बाजार आहे. सकाळच्या बसनं येतो. सगळ्या.

शेवटच्या बसची काळजी तू करू नकोस. रजया घेतल्या आहेत. भात, किमची, सोयाबीनचं सार, मालगुम आजीच्या गोळ्या. प्रत्येकीचं कार्ड गळ्यात. आजीला सकाळी इस्पितळात पोचवून, तिचं आटोपलं की तिथून चालत आणते. तिच्या नावाचा शिक्काही घेतलाय.

तू तुझे आकडे नीट सादर कर. आम्ही आमचे आणतोय.

सभागृहाची जमीन गरम असते का तेवढं कळव. नसली तरी येतोय.

आत्या


युनसान, ६ डिसेंबर

ती. आत्या,

माईक बंद झाल्यावर योम साहेब माझ्या कानात काय म्हणाले, ते तू सभागृहात तीनदा ओरडून विचारलंस. आता सांगते. पण आधी, तुम्ही सगळ्या खाली बसला होतात, मी वर पडद्याशेजारी उभी होते. वरून काय दिसलं ते तुला माहीत नाही.

पहिल्या रांगेत तालुक्याचे अधिकारी. मागे सगळ्या रांगा रिकाम्या, कारण खरंच कुणी येणार नाही असं धरलं होतं. मग दार उघडलं आणि आधी रजई आत आली. तिच्यामागे माणूस आहे हे नंतर कळलं. मग दुसरी रजई. किमचीचा वास पहिल्या रांगेपर्यंत पोचला तेव्हा साहेबांनी मागे वळून बघितलं.

मी आकडा दाखवला. सरासरी शून्य पूर्णांक आठ. इतका मोठा की भिंतभर. साहेब म्हणाले, "आकडे खोटं बोलत नाहीत." आणि तेव्हा मालगुम आजी उठली. सकाळीच चार तास सुया टोचून घेतलेली बाई, भिंतीला धरत धरत मधल्या वाटेनं पुढे आली. कुणी तिला थांबवेना. ती साहेबांच्या टेबलापाशी आली, गळ्यातलं कार्ड काढलं, टेबलावर इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "साहेब, मी आलेय. कुठे टेकवू?"

तू पाठमोरी पाहिलीस तिला. मी चेहरा पाहिला. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जागा हवी होती टेकवायला.

मग तुम्ही सगळ्या तिच्यामागे रांगेत उभ्या राहिलात, बसला राहता तशा. आणि मी म्हणाले ते तू ऐकलंस, "हा आकडा कार्डांचा आहे, माणसांचा नाही. मीच काढलाय, म्हणून मी सांगते." तेवढ्यात माईक गेला. साहेब कानात म्हणाले, "गुक, खाली बसा, घरी जायचंय ना?" मी म्हणाले, "त्यांनाही जायचंय, साहेब." बस एवढंच. तुला वाटलं तितकं काही भयंकर नव्हतं.

पुढचं तुझंच. सभा संपली, दिवे बंद करतो, घरी जा असं शिपाई म्हणाला तेव्हा तू जे म्हणालीस ते आता कचेरीत स्वच्छतागृहातसुद्धा ऐकू येतं. "जातो ना. पण बस दीडलाच गेली, आणि टॅक्सी आदल्या दिवशी पाचच्या आत सांगावी लागते. आता पाच वाजलेत. म्हणजे उद्याची सुद्धा गेली." आणि रजई पसरलीस. कचेरीची गाडी देऊ केली तर "आम्हाला कृपेची गाडी नको, आमची बस हवी." तालुकाध्यक्ष स्वतः खाली उतरून आले आणि तुम्ही त्यांना आधी किमची वाढलीत. नाही म्हणता येईना त्यांना. तोंड पोळलेलं, डोळ्यांत पाणी, आणि तसाच शब्द दिला त्यांनी.

तो शब्द आता कागदावर आला आहे, प्रत सोबत पाठवते. एक जानेवारीचा निर्णय थांबवला. मार्चअखेरपर्यंत बसमध्ये माणूस बसवून माणसं मोजणार. सातही वाड्यांत. मग पुन्हा ठरवणार. जिंकलो असं समजू नका, मार्चनंतर पुन्हा यावं लागेल. गावघराचं जेवणही तोवर चालू. ड्रायव्हर प्योचं नाव कुठेही नाही, मी कागद स्वतः तपासले.

मालगुम आजीचा अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी मीच मागे घेतला तिच्या समोर. शिक्का तिनं इतका जोरात मारला की टेबलावरचा चहा सांडला.

माझी बदली झाली आहे. शिक्षा नाही, फक्त बदली, तसं लिहूनही दिलंय. तुमच्या खालच्या हानुल मंडल कचेरीत, लोकसेवा खिडकीवर. तिथे बढती होत नसते असं सगळे फार काळजीनं सांगतात. सोमवारी रुजू व्हायचंय. मला गाडी चालवता येत नाही हे तुला माहीतच आहे. खोली मिळेपर्यंत तुझ्याकडे राहू का? सकाळच्या बसनं खाली हानुलला जाईन, संध्याकाळी खालच्या गावांच्या बसनं फाट्यापर्यंत येऊन वर चालत येईन. नाही म्हणालीस तरी चालेल.

दासोल


सोत्देगोल, १० डिसेंबर

दासोल,

नाही कशाला म्हणीन? तुझी खोली झाडून ठेवली. जमीन तापवून ठेवते. रविवारी दीडच्या बसनं ये, प्योला सांगितलंय.

काल संध्याकाळी भोंग्यावरून अध्यक्षांचा कागद वाचला. या वेळी मधे काही बोलले नाही, शब्दन् शब्द वाचला. शेवटी फक्त म्हणाले, "मार्चपर्यंत बसमध्ये मोजणारा बसणार आहे. तो तरुण आहे, थंडीचे दिवस आहेत, त्याला उपाशी ठेवू नका. पण आकडा वाढावा म्हणून कुणी दोनदा चढायचं नाही. आपण जेवढे आहोत तेवढेच पुरेसे आहोत."

मालगुम आजीचा रांजण आम्ही धरला नव्हता, ते तू पत्रात वाचलंस. सभेहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकीनं आपापल्यातून एकेक गड्डा काढून दिला. सगळ्यांच्या हातची वेगवेगळी चव, एका रांजणात. तिच्या अंगणात पुरला, वर पेंढा घातला. उन्हाळ्यापर्यंत पुरेल. ती म्हणाली, "यंदा किमची गोड निघेल." मला वाटतं या वेळी ती बोलायचं टाळत नव्हती.

तिचं पहिलं पत्र तुला आलं होतं हे मला माहीत आहे. पाकीट मीच डकवलं. अक्षर बघून हसले नाही.

तुला चार खाकी ठेवल्यात. अक्षरवर्गाच्या बाईंना दिल्या असं लिहिलं होतं, ते रागात लिहिलं होतं.

आणि एक. मंडल कचेरीची खिडकीवाली अधिकारी असशील, माझी भाची असशील. प्यो तुला बघून म्हणेल, राहू दे ताई, बस. ऐकायचं नाही. कार्ड टेकव. आवाज झाल्याशिवाय या बसमध्ये कुणाला बसू देत नाही आम्ही.

आत्या